पर्शियन मांजराचा रंग नेमका कसा सांगायचा : आधी फुंकर मारा, मग बोला

आमच्या घरी पहिला पर्शियन आला तेव्हा कागदावर लिहिलेलं सिल्वर, देणारा माणूस म्हणत होता ग्रे, आणि आईने तो बास्केटमधून बाहेर आल्या आल्या त्याचं नाव ठेवलं राखुंड्या. वर्षभराने ओळखीच्या एक काकू आल्या, त्यांच्याकडे कित्येक वर्षं पर्शियन आहेत, त्यांनी राखुंड्याला मांडीवर घेतलं, पाठीवर जिथे केस दाट असतात तिथे तोंड नेऊन एक फुंकर मारली, केसांचा भांग पडला तसं आत डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "हा कसला सिल्वर गं, मुळापर्यंत एकच रंग आहे. ब्लू आहे हा, साधा ब्लू." मांजरांच्या भाषेत ब्लू म्हणजे राखेसारखा रंग, म्हणजे तिघांत आईच सगळ्यात जवळ होती.

त्या दिवशी जे कळलं तेच आज सविस्तर लिहितेय, कारण हल्ली पुण्या-मुंबईत घराघरात पर्शियन आहेत आणि कॅट शोचा फॉर्म असो, पिल्लांचं रजिस्ट्रेशन असो नाहीतर नुसती मांजर हरवल्याची चिठ्ठी असो, रंगाच्या रकान्यात लोक काहीही लिहितात. "ट्रिपल कोट ग्रे डॉल फेस" हे रंगाचं वर्णन नाही, ही जाहिरात आहे. डॉल फेस, सेमी पंच, पंच हे चेहऱ्याबद्दल झालं, आणि ट्रिपल कोट हा विकणाऱ्यांनी काढलेला शब्द, पर्शियनला आत मऊ लोकर आणि वर लांब केस एवढंच असतं. दोन्ही गोष्टी रंगाच्या रकान्यात नकोत.

सुरुवात उजेडापासून. दिवसा खिडकीजवळ बघायचं, थेट उन्हात नाही आणि ट्यूबलाइटखाली तर अजिबात नाही, पिवळ्या बल्बखाली ब्लू मांजर चक्क मातकट दिसतं आणि क्रीम मांजर लाल. फोटो काढणार असाल तर शेजारी कोरा पांढरा कागद ठेवा, म्हणजे बघणाऱ्याला कॅमेऱ्याने रंग किती फिरवलाय ते समजतं, आणि ब्यूटी फिल्टर बंद करा हे सांगायला लागू नये पण लागतं. ग्रूमिंगवाल्याने पावडर मारली असेल तर ती आधी नीट विंचरून काढा. मग फुंकर. पाठ, बगल, पोट, शेपटीचं मूळ, एवढ्या चार ठिकाणी तरी.

आता मूळ रंग. मांजरात खरं तर रंगद्रव्यं दोनच, एक काळं आणि एक लाल, बाकी सगळे रंग यांच्याच फिक्या किंवा बदललेल्या आवृत्त्या. काळ्याचा फिका म्हणजे ब्लू, ज्याला आपण राखाडी किंवा ग्रे म्हणतो. कागदावर ग्रे लिहू नका, मांजरांच्या दुनियेत ग्रे नावाचा रंगच नाही. लालाचा फिका म्हणजे क्रीम, थेट मलईचा रंग. आणि लाल म्हणजे आपण ज्याला केशरी, भगवं, जिंजर काय काय म्हणतो ते, कागदावर रेड. चॉकलेट आणि त्याचा फिका लायलॅक हे दोन पर्शियनमध्ये कमी दिसतात, ते सयामीशी झालेल्या क्रॉसमधून आले, त्यामुळे कोणी तुम्हाला सहज "चॉकलेट आहे" म्हटलं तर आधी उन्हात बसून तांबूस पडलेला काळा तर नाही ना ते बघा. काळ्याचं हे फार होतं, आमच्या बाल्कनीत लोळणाऱ्या काळ्या मांजरीची पाठ मे महिन्यात तांब्याच्या हंड्यासारखी होते. अशा वेळी नाक आणि पंजाच्या गाद्या बघायच्या. काळ्या मांजराचं नाक काळं, ब्लूचं निळसर करडं, चॉकलेटचं तपकिरी, रेड आणि क्रीमचं गुलाबी किंवा विटकरी. केस फसवतात, नाक सहसा फसवत नाही.

काळा आणि लाल एकाच अंगावर असेल तर ती टॉर्टी, म्हणजे टॉर्टोइजशेल, आणि ब्लू-क्रीम असेल तर ब्लू टॉर्टी, ज्याला नुसतं ब्लू-क्रीमही म्हणतात. आणि इथे "ती" मुद्दाम म्हटलंय. लाल रंगाचा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो, मादीला दोन एक्स म्हणून तिच्यात एकावर लाल आणि दुसऱ्यावर काळा असं जमतं, आणि प्रत्येक पेशीत दोनातला एकच एक्स चालू राहतो म्हणून ठिगळं पडतात. २०२५ मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी हा जीनसुद्धा शोधून काढला, एक्सवरच्या एआरएचजीएपी३६ नावाच्या जीनशेजारचा डीएनएचा सुमारे ५ हजार अक्षरांचा तुकडा गळलाय म्हणून मांजर लाल होतं. बोका टॉर्टी असतो पण अगदी दुर्मिळ, त्याला बहुतेक वेळा एक्स एक्स वाय असं एक क्रोमोसोम जास्त असतं आणि तो जवळजवळ नेहमी वांझ निघतो. तेव्हा कोणी टॉर्टी बोका ब्रीडिंगसाठी देतोय म्हणाला तर शेपटी उचलून परत एकदा बघा.

टॉर्टी ओळखताना अजून एक. कधीकधी लाल अगदी थोडं असतं, पायाच्या एका बोटावर किंवा हनुवटीवर चार केस. ते चार केस महत्त्वाचे, पिल्लांचे रंग पुढे त्यावर ठरतात. काकूंच्या एका मांजरीला ब्लू म्हणून नोंदवलेलं, पहिल्या बाळंतपणात क्रीम बोका झाला तेव्हा सगळे चक्रावले, मग शोधाशोध केल्यावर मागच्या पायाच्या आतल्या बाजूला कवडीएवढा क्रीमचा डाग सापडला.

मग येतं टॅबी, म्हणजे आपलं पट्टेरी. कपाळावर इंग्रजी एम, डोळ्यांच्या कोपऱ्यापासून गालावर काजळ ओघळल्यासारखी रेघ, हनुवटी फिकी, आणि मुख्य म्हणजे पट्ट्यांच्या मधल्या जागेतला एकेक केस वेगळा धरून बघितला तर त्याच केसावर फिकं-गडद-फिकं असे पट्टे असतात. अंगावरच्या पट्ट्यांपेक्षा ही केसावरची खूण पक्की. टॅबीचे प्रकार चार. क्लासिक म्हणजे ब्लॉच्ड, त्यात कुशीवर मोठं गोल वर्तुळ आणि खांद्यांवर फुलपाखराच्या पंखांसारखी खूण. मॅकरेल म्हणजे पाठीच्या कण्यापासून खाली उतरणारे बारीक पट्टे, माशाच्या काट्यासारखे. मॅकरेल म्हणजे बांगडाच, पण आपल्या मालवण-गोव्याच्या बाजारातला बांगडा डोळ्यासमोर आणू नका, त्याच्या अंगावरच्या रेघा आडव्या धावतात, हे नाव अटलांटिकमधल्या बांगड्यावरून आलंय ज्याच्या पाठीवर नागमोडी उभे पट्टे असतात. मग स्पॉटेड म्हणजे ठिपके आणि टिक्ड म्हणजे अंगावर पट्टे जवळपास नाहीतच, फक्त प्रत्येक केसावर. पर्शियनमध्ये बहुतेक करून क्लासिक नाहीतर मॅकरेल भेटतो, आणि इतक्या लांब केसात दोन्ही एकमेकांत असे मिसळतात की माणूस वैतागतो. माझा उपाय म्हणजे अंघोळ. ओल्या अंगावर पट्टे चांगले कळतात, फक्त मांजराची परवानगी आपापल्या जबाबदारीवर घ्या.

रेडच्या बाबतीत मात्र इथे एक खोड आहे. लाल मांजर जवळजवळ कधीच पूर्ण सपाट लाल नसतं, कारण पट्टे झाकणारा जीन काळ्या रंगद्रव्यावर चालतो, लालावर त्याचं काही चालत नाही. म्हणून सॉलिड, म्हणजे बिनपट्ट्यांच्या एकरंगी, रेड पर्शियनच्याही कपाळावर एम दिसतो आणि लोक टॅबी लिहून मोकळे होतात. फरक बघायचा तो हनुवटी, मिशांच्या गाद्या आणि कानाच्या आतल्या केसांत, खऱ्या रेड टॅबीत ते फिके असतात, सॉलिडमध्ये अंगाइतकेच लाल. तरी नक्की कळत नसेल तर आईबापांकडे जावं लागतं, त्याचं खाली सांगते.

आता ज्याच्यासाठी फुंकर शिकायची तो भाग, सिल्वर. सिल्वर हा स्वतंत्र रंग नाहीच. एक जीन असतो जो केसाच्या मुळाशी रंग येऊच देत नाही, मूळ पांढरं राहतं आणि रंग टोकाला साचतो. किती टोकाला, त्यावर नाव. जेमतेम आठव्या हिश्शाएवढं टोक काळं असेल तर चिंचिला, ज्याला शेल किंवा टिप्ड म्हणतात, लांबून पांढरंच मांजर दिसतं आणि त्यावर कोणीतरी कोळशाची पूड झटकल्यासारखी झाक. सुमारे एक तृतीयांश केस रंगीत असेल तर शेडेड. त्याहून जास्त, म्हणजे केसाचा बराचसा भाग रंगीत आणि फक्त बुडाशी पांढरं, पट्टे नाहीत, तर तो स्मोक. आणि मूळ पांढरं पण वर ठसठशीत पट्टे असतील तर सिल्वर टॅबी. चिंचिला आणि शेडेडला हिरवे डोळे, डोळ्यांभोवती काळी कड, जणू कुणी काजळ घातलंय, आणि विटकरी नाकालाही तशीच काळी किनार. या तीन खुणा नसतील तर चिंचिला किंवा शेडेड लिहायच्या आधी थांबा.

स्मोक हा सगळ्यात फसवा. बसलेला असेल तर शुद्ध काळा, उठून चालायला लागला की केस हलतात आणि आतला पांढरा झळकतो, काळ्या छत्रीला पांढरं अस्तर असावं तसा. काळा म्हणून घेतलेली अर्धी मांजरं मी फुंकर मारून स्मोक निघालेली पाहिलीत, अर्धी म्हणजे आपली बोलायची पद्धत, पण पुष्कळ. उलटही होतं, ब्लू मांजराचं बूड किंचित फिकं असतं आणि लोक त्याला ब्लू स्मोक करून टाकतात. फिकं वेगळं आणि पांढरं वेगळं. बुडाशी कागदासारखं पांढरं हवं.

गोल्डनमध्ये टोक काळंच पण बूड मधाच्या, जर्दाळूच्या रंगाचं, डोळे हिरवे, नाकाला काळी किनार तशीच. आपल्याकडे कुठल्याही पिवळसर मांजराला गोल्डन म्हणायची फॅशन आलीय कारण गोल्डनचा भाव चढा. क्रीमच्या टोकाला काळं नसतं आणि त्याचं नाक गुलाबी असतं, एवढं बघितलंत तरी पैसे वाचतील.

पांढऱ्याबद्दल दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्याच ठेवा. एक म्हणजे अंगभर पांढरं मांजर. तो रंग नसून रंगावर टाकलेली चादर, खाली काळा, लाल, टॅबी काहीही असू शकतं. पांढऱ्या पिल्लाच्या डोक्यावर पुष्कळदा टिळा लावल्यासारखा रंगीत डाग असतो, मोठं झाल्यावर तो जातो, तर तो असतानाच फोटो काढून तारीख टाकून ठेवा कारण चादरीखाली काय आहे हे सांगणारी फुकटातली खूण तीच. पांढऱ्याला डोळ्यांचा रंग लिहावाच लागतो, निळे, कॉपर म्हणजे तांब्याच्या रंगाचे, की एक निळा एक कॉपर, म्हणजे ऑड-आईड. निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या मांजरात बहिरेपण जास्त सापडतं, म्हणून पाठीमागून किल्ल्या वाजवून बघा, तोही वर्णनाचाच भाग समजा.

दुसरी गोष्ट म्हणजे रंगासोबत पांढरं. निम्म्याच्या आसपास पांढरं असेल तर बायकलर, बरंचसं पांढरं आणि अंगावर सुटे सुटे रंगाचे तुकडे असतील तर हार्लेक्विन, आणि फक्त डोकं नि शेपटी रंगीत, बाकी पांढरंफेक, तर व्हॅन. टॉर्टी अधिक पांढरं म्हणजे आपली तिरंगी, अमेरिकन कागदांत कॅलिको. यात एक गंमत बघा, पांढरं जितकं जास्त तितके काळे-लाल तुकडे मोठे आणि सुटे होतात, पांढरं नसलं की दोन रंग खिचडीसारखे मिसळतात. तिरंगी आणि टॉर्टी एकाच आईच्या पोटच्या बहिणी असल्या तरी म्हणून इतक्या वेगळ्या दिसतात. छातीवर नुसता एक लहानसा पांढरा डाग असेल तर त्याला बायकलर करू नका, जसा आहे तसा "छातीवर पांढरा डाग" असं लिहा.

पॉइंटवाली मांजरं, म्हणजे अंग फिकं आणि कान, नाक, पाय, शेपटी गडद अशी, ज्यांना आपल्याकडे सरसकट हिमालयन म्हणतात, त्यांचा हिमालयाशी काही संबंध नाही, नाव आलं त्याच पॅटर्नच्या हिमालयन सशावरून. १९३० च्या दशकात हार्वर्डमध्ये क्लाइड कीलर आणि व्हर्जिनिया कॉब यांनी सयामी आणि पर्शियनचा क्रॉस केला, १९५७ मध्ये अमेरिकेतल्या सीएफए या मांजरांची नोंदणी करणाऱ्या संस्थेने हिमालयनला स्वतंत्र ब्रीड म्हणून मान्यता दिली, आणि १९८४ पासून तिथे तो पर्शियनचाच एक विभाग आहे. टिका (टीआयसीए) ही दुसरी संस्था मात्र हिमालयन वेगळं धरते, युरोपातल्या फीफे या संस्थेच्या कागदावर ते पर्शियनच. म्हणजे फॉर्म कुठल्या संस्थेचा आहे ते आधी बघा, एकच मांजर एका कागदावर हिमालयन आणि दुसऱ्यावर पर्शियन असेल आणि दोन्ही बरोबर.

पॉइंटमध्ये रंग तापमानावर चालतो. रंग बनवणारं एन्झाइम गरम अंगावर बंद पडतं आणि थंड भागात, म्हणजे कान, नाक, पाय, शेपटी इथे काम करतं. पोटात सगळीकडेच ऊब म्हणून ही पिल्लं जवळपास पांढरी जन्मतात आणि मग काही दिवसांत कानाच्या कडा नि शेपटीपासून रंग चढायला लागतो. माझ्या मावसबहिणीच्या सील पॉइंट मांजरीचं नसबंदीचं ऑपरेशन कुशीतून झालं, तिथले केस भादरलेले, परत उगवले ते चॉकलेटी, तळहाताएवढा चौकोन, आणि ती घाबरून इन्फेक्शन म्हणून मला फोन करत होती. उघडी पडलेली कातडी थंड, म्हणून केस गडद, एवढंच, पुढच्या केसगळतीत गेलं ते. तर पॉइंटचं वर्णन करताना अंग किती गडद यापेक्षा पॉइंटचा रंग कोणता ते लिहायचं. सील म्हणजे काळाच, पॉइंटवर त्याला सील म्हणतात. पुढे ब्लू, चॉकलेट, लायलॅक, रेड ज्याला फ्लेमही म्हणतात, क्रीम, टॉर्टी, आणि पॉइंटवर पट्टे असतील तर लिंक्स किंवा टॅबी पॉइंट. डोळे निळेच हवेत. पॉइंट आहे पण डोळे पिवळे असं कोणी दाखवलं तर ते काहीतरी दुसरं आहे.

एवढं जमलं की लिहायचा क्रम ठरलेला : मूळ रंग, मग सिल्वर किंवा गोल्डन, मग पॅटर्न, मग पांढरं, शेवटी डोळे. उदाहरणार्थ "ब्लू सिल्वर क्लासिक टॅबी अँड व्हाइट, डोळे कॉपर". फीफेच्या कागदावर हेच कोडमध्ये असतं, त्याला ईएमएस म्हणतात. आधी ब्रीड, पर्शियनसाठी पीईआर. मग रंगाचं अक्षर : एन काळा, ए ब्लू, बी चॉकलेट, सी लायलॅक, डी रेड, ई क्रीम, एफ काळी टॉर्टी, जी ब्लू टॉर्टी, डब्ल्यू पांढरा. त्याला चिकटून एस आला तर सिल्वर, वाय आला तर गोल्डन. मग आकडे : ०१ व्हॅन, ०२ हार्लेक्विन, ०३ बायकलर, ११ शेडेड, १२ शेल, २२ क्लासिक टॅबी, २३ मॅकरेल, २४ स्पॉटेड, २५ टिक्ड, ३३ पॉइंट, आणि डोळ्यांचे ६१ निळे, ६२ कॉपर-नारिंगी, ६३ ऑड-आईड, ६४ हिरवे. म्हणजे "पीईआर एनएस १२" वाचलं की काळ्या टोकांची चिंचिला डोळ्यासमोर यायला पाहिजे, "पीईआर डब्ल्यू ६३" म्हणजे एक डोळा निळा असलेलं पांढरं, आणि "पीईआर एन ३३" म्हणजे सील पॉइंट. एनएसला पुढे एकही आकडा नाही असं दिसलं तर तो स्मोक. पाठ करायची गरज नाही, फोनमध्ये ठेवा.

लिहून झालं की आईबापांशी ताळा करा, यात निम्म्या चुका सापडतात. दोन ब्लू मांजरांना काळं पिल्लू होत नाही, फिका रंग दोन्हीकडून आला की मागे वळत नाही. काळ्या आईला लाल बोका होत नाही, कारण मुलगा त्याचा एक्स फक्त आईकडून घेतो, बाप कितीही केशरी असो. काळी आई आणि लाल बाप असेल तर बोके काळ्या घरातले आणि मुली टॉर्टी, इतकं साधं आहे ते. टॅबी पिल्लाचा निदान एक पालक टॅबी हवा, किंवा मग असा रेड, क्रीम नाहीतर पांढरा ज्याच्यात टॅबी लपलाय. वर जो रेडचा प्रश्न अर्धवट सोडला तो इथे सुटतो : आई आणि बाप दोघंही साधे काळे किंवा ब्लू-टॉर्टीसारखे बिनपट्ट्यांचे असतील तर लाल पिल्लू एमसकट सॉलिडच. सिल्वरचंही तसंच, सिल्वर जीन एका तरी पालकाकडून यावा लागतो. कागद आणि गणित जुळत नसेल तर एकतर रंग चुकलाय नाहीतर बाप. दुसरी शक्यता शेजारच्या बोक्याच्या तोंडाकडे बघून तपासावी.

पिल्लांचा रंग घाईत लिहू नका. काळी पिल्लं कित्येक आठवडे मळकट करडी असतात, ब्लू पिल्लांच्या अंगावर पट्ट्यांची सावली दिसते आणि मग विरते, चिंचिला पिल्लं तर शेपटीवर चक्क पट्टे घेऊन गडद जन्मतात आणि नंतर उजळतात. आई गाभण असताना तिला ताप आला असेल तर पिल्लं रुपेरी झाक घेऊन येतात, त्याला फीव्हर कोट म्हणतात, काही महिन्यांत गळून जातो, आणि माझा अंदाज आहे की राखुंड्याच्या कागदावर सिल्वर आलं ते याच वाटेने. रजिस्ट्रेशन लवकर करायचंच असेल तर नोंद करताना आठवडे लिहा, फुंकर मारून बुडाचा फोटो जोडा, आणि सहा महिन्यांनी परत बघून चूक असेल तर संस्थेला कळवून दुरुस्त करून घ्या, संस्था दुरुस्ती करून देतात. तरीही अडलं तर गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून डीएनए टेस्ट होते, त्यात फिका रंग, चॉकलेट, पॉइंट, टॅबी आहे की नाही हे कळतं.

आणि कागद नसलेलं लांब केसांचं मांजर असेल तर रंग वरच्यासारखा बिनधास्त लिहा, ब्रीडच्या रकान्यात मात्र पर्शियन क्रॉस नाहीतर सरळ लांब केसांचं घरगुती मांजर असंच लिहा. आमच्या सोसायटीच्या गेटवरची तिरंगी अशीच आहे, काळी टॉर्टी अँड व्हाइट, हार्लेक्विनकडे झुकणारी, डोळे घारे, ब्रीड वॉचमनकाकांची.